‘पोषक’ ते ‘दीपक’

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो, तो १९७१च्या कराची हल्ल्याच्या आठवणीत. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली, केमारीच्या तेलटाक्या पेटल्या, ही हकिगत पुष्कळांना तोंडपाठ असते. त्याच तुकडीत ‘पोषक’ नावाचं एक तेलवाहू जहाज होतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. त्याच्यावाचून ही मोहीम आखता आली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. या क्षेपणास्त्र नौका मुळात स्वतःचा किनारा राखण्यासाठी बनवलेल्या. सोव्हिएत रशियातून त्या मालवाहू जहाजांवर चढवून कोलकात्याला आणल्या आणि तिथून मुंबईपर्यंत दुसऱ्या जहाजांनी त्यांना ओढत नेलं. वेग जबरदस्त, पण पल्ला तोकडा. मुंबईहून कराची समुद्रमार्गे पाचशे सागरी मैलांच्या, म्हणजे नऊशे किलोमीटरच्या घरात. इतक्या दूर जाऊन, घाव घालून परत यायचं तर आधी तेलाची सोय बघावी लागते. चारच दिवसांनी ‘विनाश’ने कराचीवर दुसरा हल्ला केला. त्यात क्षेपणास्त्र लागलं ते ‘डाक्का’ला. हे पाकिस्तानी नौदलाचं तेलपुरवठा जहाज. या दोन रात्रींकडे पाहिलं की नौदलाची ताकद मोजताना तोफा आणि क्षेपणास्त्रांबरोबर पुरवठा जहाजंही का मोजायला हवीत, ते लक्षात येतं.

मराठी वाचकाला हा विचार नवा वाटू नये. सिंधुदुर्गात चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. शिवाजी महाराजांच्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला दाणागोटा, पाणी, दारूगोळा पुरवायला किनाऱ्यावर किल्ल्यांची रांगच उभी होती. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा हे लढण्याचे किल्ले होते, तसेच ते आरमाराची कोठारंही होते. गलबतं आणि गुराबं किनाऱ्याच्या आसऱ्यानेच वावरत, म्हणून ही व्यवस्था पुरेशी ठरली. आजच्या युद्धनौकेला एडनच्या आखातापासून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत फिरावं लागतं. तिथे किल्ला नाही. तेव्हा विहीर आणि कोठार बरोबर घेऊनच निघावं लागतं.

मुंबईच्या ताफ्यातलं ‘आयएनएस दीपक’ हे असं तरंगतं कोठार. इटलीतल्या फिनकांतिएरी कंपनीने बांधलेलं हे जहाज २१ जानेवारी २०११ला नौदलात आलं. लांबी १७५ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन सुमारे साडेसत्तावीस हजार टन. पोटात हजारो टन इंधन, गोडं पाणी, शिवाय अन्नधान्य आणि दारूगोळा. हे सगळं दुसऱ्या जहाजाला द्यायचं ते चालता चालता. दोन्ही जहाजं तीस-चाळीस मीटरचं अंतर राखून एकाच वेगाने, एकाच दिशेने धावत राहतात. एकावरून दुसऱ्यावर आधी बारीक दोरी फेकली जाते, तिला बांधून जाड दोर, मग तारेचा दोर आणि शेवटी त्यावरून लोंबत तेलाची जाड नळी पलीकडे जाते. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. त्यामुळे सुकाण्यावरच्या माणसाला क्षणभरही नजर हलवता येत नाही. तासन् तास हे चालतं, कधी रात्रीच्या अंधारात, कधी पावसाळी लाटांवर. हे काम करणाऱ्यांना लढवय्यांइतकाच मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

‘दीपक’ची सेवाही पाहावी. रशियाच्या सेवेरोद्विन्स्कमध्ये १६ नोव्हेंबर २०१३ला नौदलात दाखल झालेली विमानवाहू ‘विक्रमादित्य’ जानेवारी २०१४मध्ये कारवारला पोहोचली. त्या प्रवासात तिच्या सोबतीला ‘त्रिकंड’ ही लढाऊ नौका होती आणि ‘दीपक’ होतं.

अशा पुरवठा जहाजांवर आक्षेप दोन घेतले जातात. पहिला असा की मित्रदेशांच्या बंदरांत तेल मिळतं, अमेरिकेबरोबर २०१६ साली पुरवठ्याचा करारही झाला आहे, मग एवढा खर्च कशाला? शांततेच्या काळात हे खरं आहे. पण १९०४-०५मध्ये रशियाचा बाल्टिक ताफा जपानशी लढायला अर्धी पृथ्वी ओलांडून निघाला, तेव्हा तटस्थ बंदरांनी त्याला कोळसा भरू देण्यात अडचणी आणल्या. जर्मन कंपनीच्या भाड्याच्या कोळसाजहाजांवर भिस्त ठेवावी लागली, मादागास्करला कित्येक आठवडे मुक्काम पडला, डेकवरसुद्धा कोळशाचे ढीग रचावे लागले. दमलेला तो ताफा मे १९०५मध्ये त्सुशिमाला पोहोचला आणि जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला. दुसऱ्याच्या बंदरातलं तेल त्याच्या मर्जीवर अवलंबून असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असं जहाज अवाढव्य, संथ आणि शत्रूला सोपं सावज असतं. ‘डाक्का’ हाच त्याचा पुरावा. हे मान्यच करायला हवं. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो अशी जहाजं अधिक हवीत आणि त्यांना संरक्षण हवं, असा. मोजकीच असतील तर एकाच्या नुकसानीने अख्खा ताफा बंदराशी जखडला जातो.

आपली अडचण इथेच आहे. आपल्या पुरवठा जहाजांपैकी ‘ज्योती’ १९९६ची, रशियात बांधलेली. ‘आदित्य’ २०००ची, कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत ती पुरी व्हायला दशकाहून अधिक काळ लागला. ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ २०११च्या. दोन समुद्र सांभाळायला ही चार जहाजं, आणि त्यातलं एखादं दुरुस्तीसाठी गोदीत गेलं की उरतात तीन. ऑगस्ट २०२३मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी प्रत्येकी सुमारे ४४ हजार टनांच्या पाच पुरवठा जहाजांचा, जवळपास १९ हजार कोटी रुपयांचा करार झाला. पहिल्या जहाजाचं पोलाद एप्रिल २०२४मध्ये कापायला घेतलं. ती जहाजं समुद्रात उतरेपर्यंत मुंबईच्या ताफ्याची दूरची प्रत्येक फेरी आखताना अधिकाऱ्यांना आधी बघावं लागणार, ‘दीपक’ मोकळं आहे का.