डबा म्हातारा झाला, आता त्याचं कसं होणार?

वाईत अजून बऱ्याच घरांत हॉलच्या कोपऱ्यात एक जुना सदस्य बसलेला असतो. अंगावर प्लॅस्टिकचं कव्हर, पायाशी यूपीएस, कपाळावर गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू. सून म्हणते, ‘द्या आता टाकून.’ आजोबा म्हणतात, ‘चालतोय की अजून!’ या लाडक्या डेस्कटॉपच्या भवितव्याची काळजी करणाऱ्या समस्त आजोबांसाठी ही थोडी दिलाशाची आणि थोडी धास्तीची माहिती.

काळजी पहिली : किती दिवस काढेल?
काम असेल तोवर काढेल. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात एका गॅरेजवाल्यानं गाड्यांच्या शाफ्टचं बॅलन्सिंग करायला कमोडोर ६४ जातीचा घरगुती संगणक लावला होता. २०१६ मध्ये त्याची बातमी जगभर झाली, तेव्हा त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि तो ग्रीस खात कामावर हजर होता. त्याची कंपनी मात्र १९९४ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स इथल्या १९ शाळांची हीटर-एसीची यंत्रणा १९८० च्या दशकातला एक अमिगा संगणक सांभाळत असे. त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता एका शाळकरी मुलानं. तो मुलगा बाप्या झाला, तरी संगणक रुसला की शाळावाले त्यालाच बोलवत.

काळजी दुसरी : तारीखच विसरायला लागलाय
चालू केला की २००२ सालचा १ जानेवारी दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही? घाबरू नका, हा विसरभोळेपणा शंभराच्या आतल्या नोटेत बरा होतो. मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. वीज बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की संगणक भूतकाळात जातो. मग साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं वाटतं आणि तो दार लावून घेतो. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

काळजी तिसरी : नुसता पिप-पिप करतो
पावसाळ्यात हे हमखास. पडदा काळा आणि आतून शिट्ट्या. दुरुस्तीवाला येतो, बाजूचा पत्रा काढतो, रॅमची पट्टी उपसतो आणि म्हणतो, ‘खोडरबर आहे का?’ घरातल्या पोराच्या कंपासमधला रबर घेऊन तो पट्टीच्या सोनेरी दातांवर चार हात फिरवतो, फुंकर मारतो, खट्‌कन बसवतो. डबा सुरू! दमट हवेनं धातूवर चढलेला थर निघाला की वीज पुन्हा नीट वाहते, एवढंच यातलं शास्त्र.

काळजी चौथी : कंपनीनं वाळीत टाकलंय
विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी वाईकराला पावसाळ्यातल्या पसरणी घाटाच्या माथ्यावरची वाटते. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियातली आहे. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये गाडी थांबवून टिपलेली. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा. अकराव्या विंडोजला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि ती नसेल तर धडधाकट डबाही एका रात्रीत पेन्शनीत निघतो. इंटरनेटची तार काढली, तर पत्ते आणि घरखर्चाचा हिशेब मात्र खुशाल चालू राहतो.

काळजी पाचवी : भाचा म्हणतो, लिनक्स टाकू
टाकू द्या, जुन्या यंत्राला ते मानवतं. फक्त जुनं ३२ बिटी लिनक्स असेल, तर १९ जानेवारी २०३८ ही तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. १९७० पासूनचे सेकंद मोजणारा त्याचा आकडा त्या मंगळवारी आपल्याकडं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून वाहील. पुढच्याच सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. वाईत मराठी विश्वकोशाचा संसार मांडणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा वर्षाचेही झाले नव्हते!

काळजी सहावी : मराठी फायलींचं काय?
खरी झोप उडवणारी काळजी ही. डबा टिकेल, पण २००० च्या आसपास टाइप केलेली कुलवृत्तान्ताची फाइल नव्या लॅपटॉपवर उघडा. आजोबांच्या नावाच्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं नाचतील. तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवत. फाँट गेला, मुखवटा गळला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण एक्सपीत ती नीट दिसायला कंट्रोल पॅनलमध्ये एक टिक मारावी लागे. टिक मारली की संगणक विंडोजची सीडी मागे आणि सीडी कधीच सापडत नसे. जुना फाँट त्या डब्यात जिवंत आहे तोवर छापून घ्या, पीडीएफ करा, नाहीतर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा.

फ्लॉपीवर असेल तर आणखी घाई करा. सोनीनं फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. जपान सरकारनं मात्र आपल्या कारभारातून ती २०२४ मध्ये हद्दपार केली. आणि विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड? तो आजही ना ड्रायव्हर मागतो, ना पासवर्ड.

काळजी सातवी : त्याचे पूर्वज कुठं गेले?
एक तर पुण्यातच होता. ब्रिटनमध्ये १९८२ साली गाजलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ही देशी आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ऐंशीच्या दशकात काढली होती. पडदा म्हणून घरचा टीव्ही, गेम भरायला टेपरेकॉर्डर. कॅसेट किर्रर्र करत पाच मिनिटं वाजायची, तेव्हा कुठं खेळ सुरू. मेमरी ४८ केबी. आजच्या युनिकोडच्या हिशेबानं त्यात मराठीच्या सुट्या खुणा मावतील १६,३८४, म्हणजे दिवाळी अंकातली एखादी मध्यम कथा. पण हौशी मंडळी त्याच्यासाठी अजून नवे गेम लिहितात आणि २०२४ मध्ये तशाच रबरी बटणांचा नवा अवतार बाजारातही आला.

काळजी शेवटची : भंगारातच गेला तर?
आधी हार्ड डिस्क काढून घ्या, तिच्यात अख्ख्या घराची लग्नं आहेत. मग डबा दारावरच्या भंगारवाल्याऐवजी ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडं द्या. त्या सोनेरी दातांत खरंच सोनं असतं. टोकियो ऑलिंपिकची सगळी, सुमारे पाच हजार पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल-लॅपटॉपसारख्या वस्तूंतल्या धातूची होती. म्हणजे नीरज चोप्राच्या सुवर्णपदकातही कुणाचा तरी लाडका डबा असणार. आजोबांना हे सांगून बघा. परवानगी मिळेलच असं नाही, पण निदान कव्हर काढून आतली धूळ तरी झटकतील.