सायकलीला लायसन लागणार, हे सांगितलं कुणी?

"आता सायकलीलाही लायसन काढावं लागणार. डोक्यात हेल्मेट नसलं की चलान. सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे." तेलंगणातल्या बेज्जूरच्या बसस्टँडवर, कागजनगरच्या बाजारात, प्राणहितेपलीकडे अहेरीतही हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की, "मास्तर, पोरीला शाळेसाठी सायकल घेऊ की थांबू?" असं विचारणारे पालक भेटू लागले आहेत. थांबू नका. घ्या.

पुरावा मागितला की मोबाइल पुढे केला जातो. त्यात कोर्टाचं चित्र असतं, लाल अक्षरं असतात आणि 'सर्वांना पाठवा' असा हुकूम असतो. कलमाचा आकडा मात्र कुठेच नसतो. तो आकडा शोधायला पाच मिनिटं लागतात, पण पुढे पाठवायला एक बोट पुरतं.

आदेश खरा आहे. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी 2012 मध्ये याचिका केली होती. त्या प्रकरणात न्या. पारदीवाला आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने 7 ऑक्टोबर 2025 रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं की, मोटार वाहन कायद्याच्या कलम 138(1ए) खालचे नियम केले नसतील तर सहा महिन्यांत करा. हे पोटकलम 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. बिनइंजिनाची वाहनं आणि पायी चालणारी माणसं यांचा सार्वजनिक जागी आणि राष्ट्रीय महामार्गांवर वावर कसा असावा, याचे नियम राज्यांनी रस्ते सुरक्षेसाठी करावेत, एवढंच त्यात आहे. लायसनचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. त्याच आदेशात दुचाकीवाल्यांच्या हेल्मेटची कडक अंमलबजावणी करा, डोळे दिपवणारे हेडलाइट आणि बेकायदा हूटर आवरा, असंही म्हटलं आहे. एकाच कागदावर हेल्मेट आणि बिनइंजिनाची वाहनं असे दोन्ही विषय आले, आणि गाठ बहुधा तिथेच पडली.

आता मूळ कायदा बघा. हेल्मेटची सक्ती कलम 129 मध्ये आहे आणि ती मोटारसायकलवर बसणाऱ्यांसाठी आहे. लायसनची अट कलम 3 मध्ये आहे आणि ती मोटार वाहन चालवणाऱ्यांसाठी आहे. मोटार वाहन म्हणजे काय, हे कलम 2(28) सांगतं: यांत्रिक शक्तीने चालणारं वाहन. पायाने पेडल मारायची सायकल त्यात बसत नाही, कितीही ओढूनताणून बसवली तरी. एवढंच नव्हे, संविधानानेच दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत. यांत्रिक वाहनं समवर्ती सूचीत आहेत, नोंद 35. बिनयांत्रिक वाहनं राज्यसूचीत, नोंद 13. म्हणजे दिल्लीतून उद्या सकाळी देशभरच्या सायकलींना नंबरप्लेट ठोकल्या जातील, ही भीती मुळातच चुकीच्या दारावर उभी आहे.

यावर जुनी मंडळी हमखास बिल्ल्याची आठवण काढतात. "आमच्या वेळी सायकलीला बिल्ला नव्हता का?" होता ना. तो कराचा बिल्ला होता. नगरपालिका कर घ्यायची आणि पावती म्हणून पत्र्याचा तुकडा द्यायची. सायकल चालवता येते की नाही, याची परीक्षा कुणी घेतली नव्हती. महाराष्ट्राच्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातही सायकलीवरचा कर आहे. कर आणि लायसन या दोन गोष्टी आहेत, हे समजायला वकील लागत नाही.

मग काळजी करण्यासारखं काहीच नाही का? आहे, फक्त लोक भलत्याच गोष्टीची करत आहेत. 'वावराचं नियमन' या शब्दांत संरक्षण बसतं, तशी बंदीही बसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव आहे. तिथे ते समजण्यासारखं आहे, शेजारी जुना महामार्ग आहे. पण कोलकात्यात 2013 मध्ये पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकली बंद केल्या. दूधवाले, पेपरवाले, कामगार यांनी जायचं कुठून, याचं उत्तर त्या अधिसूचनेत नव्हतं. आसिफाबादहून वांकिडीमार्गे चंद्रपूरकडे जाणारा महामार्ग घ्या. उद्या त्यावर सायकल नको असं ठरलं आणि बाजूचा रस्ता दिला नाही, तर शाळकरी पोरांनी आणि शेतमजुरांनी काय करायचं? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांत सायकलस्वार सुमारे तीन टक्के होते, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. त्यांना रस्त्यावरून हाकललं की अपघातांचा आकडा कमी होईल, पण त्याला सुरक्षितता म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

असे नियम करताना आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हे मोटार वाहन कायद्याच्याच कलम 212 मध्ये आहे. हरकती पाठवायची वेळ तीच. नियम राज्याचे असतील, त्यामुळे बेज्जूरला तेलंगणाचा मसुदा लागू आणि गुडेमजवळचा पूल ओलांडून अहेरीला गेलात की महाराष्ट्राचा. मराठी वाहिनीवर बघितलेला नियम इथे लागू होईलच असं नाही.

सायकलीबद्दल आणखीही काही समज आहेत. समोरची गाडी दिसावी म्हणून सायकल उजवीकडून चालवावी, हा त्यातला सर्वांत घातक. तो सल्ला पायी चालणाऱ्यांसाठी आहे. साठच्या वेगाची गाडी आणि पंधराची सायकल एका दिशेने जात असतील तर वेगातला फरक पंचेचाळीस, समोरासमोर आल्या तर पंच्याहत्तर. सायकल डावीकडूनच.

सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवलं नाही की दंड, हे परदेशी व्हिडिओतून आलेलं आहे. आपल्या 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत सायकलस्वार, पादचारी, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घ्या असं चालकाला बजावलं आहे, पण टेप लावून मोजायचा आकडा दिलेला नाही. कापसाने फुगलेली ट्रॉली ओढणाऱ्याने तरी तो मनाने धरावा.

रिफ्लेक्टरबद्दलचा केंद्राचा 2020 चा आदेश सायकल बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर आहे, जुनी सायकल चालवणाऱ्यावर नाही. तरी लावा, अंधारात जंगलाच्या रस्त्यावर दुसरं काय दिसणार?

बॅटरीच्या सायकलीला कधीच लायसन नको, हे अर्धवट खरं. मोटर 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन ठरलेल्या मर्यादेत असेल तरच ती मोटार वाहनातून वगळली जाते. दुकानदार 'सायकलच आहे' म्हणाला तरी कागद बघा.

आणि "सायकलीला विमा नाही, म्हणून धडक बसली तर भरपाई नाही" हे साफ खोटं. भरपाई धडक देणाऱ्या वाहनाच्या तृतीय पक्ष विम्यातून मिळते, आणि जखमी माणूस सायकलवर होता की पायी, याने दाव्याचा हक्क जात नाही. वाहन ठोकरून पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये आहेत. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, म्हणून "जाऊ दे, सायकलच तर होती" म्हणत परस्पर घरी येऊ नका.