पुनर्विकासात आठवणीची जागा कशी राखावी

सात बंगला, चार बंगला ही नावं वर्सोव्यात रोज तोंडी येतात, पण ज्या बंगल्यांवरून ती पडली त्यांतले बहुतेक आता नाहीत. यारी रोडच्या जुन्या सोसायट्याही एकेक करून पाडल्या जात आहेत. आपल्या आवारातली विहीर, क्रूस, पिंपळाचा पार किंवा जुनी पाटी नव्या इमारतीतही राहावी असं वाटत असेल, तर तयारी पाडकामाच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

आधी नोंद करा. फोटो काढा, मापं घ्या, जुन्या रहिवाशांना विचारा. मुंबईच्या गावठाणांतले कित्येक क्रूस १८९६च्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. ही हकिकत कुठे लिहिलेली नसेल, तर क्रूस वाचला तरी तो कशासाठी उभा आहे हे कोणालाच कळत नाही.

मग विकास करारनामा, म्हणजे सोसायटी आणि बिल्डर यांच्यातला नोंदणीकृत करार. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सगळी चर्चा चटईक्षेत्र आणि भाड्यावर होते आणि स्मृतिस्थळ ‘नंतर बघू’वर राहतं. बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. तोंडी शब्दावर विसंबू नका. जागेचं क्षेत्रफळ, नकाशावरचं स्थान आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. भोगवटा प्रमाणपत्राआधी, म्हणजे महापालिकेने राहायला जाण्याची परवानगी देण्याआधी, काम पूर्ण व्हावं अशी अटही घाला.

जागा निवडताना सर्वांत जास्त काळजी घ्या. पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची गच्ची. तिथे मोठ्या झाडाला मुळं पसरता येत नाहीत. आवारातली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं. आपलं स्मृतिस्थळ त्या जागेत बसवा. तळघराची भिंत विहिरीपासून आणि झाडाच्या मुळांपासून दूर आखून घ्या. खोदाई सुरू झाल्यावर काही करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुनं झाड २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्याने वारसा वृक्ष ठरतं, त्याचा आधार घ्या. अग्निशमन गाडीची वाट मोकळी सोडा. बाहेरच्या फुटपाथचा विचारही करू नका: सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे किंवा बांधकामं नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३चा आदेश आहे.

रूप कसं असावं? अर्धपुतळ्यापेक्षा रोज वापरात येणारी वस्तू बरी, असं माझं ठाम मत आहे. भात बाजारातली केशवजी नाईक यांच्या नावाची १८७६ची पाणपोई हा मुंबईतला उत्तम नमुना आहे. पाणी प्यायला थांबणारा माणूस नावही वाचतो.

वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं आणि रंगवलेली अक्षरं उडतात. काळ्या दगडात खोल कोरलेली अक्षरं टिकतात. पाटीवर कोणाची नावं यावीत यावरून भांडणं होतात, म्हणून आधी निकष सर्वसाधारण सभेत मंजूर करा आणि यादी त्यानंतर लिहा.

देखभालीचा खर्च नव्या सोसायटीच्या वार्षिक अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. आपल्याकडे पुनर्विकासाची सभा लागणार असेल, तर नोटीस निघण्याआधी सचिवांना लेखी पत्र देऊन हा विषय विषयपत्रिकेत घालून घ्या.