ट्रॅव्हल नर्सची बिनपगारी परीक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतली ट्रॅव्हल नर्स साधारण १३ आठवड्यांच्या कंत्राटावर काम करते. कंत्राट संपलं की नवं शहर, नवं रुग्णालय आणि पुन्हा नव्या ऑनलाइन परीक्षा : औषधांच्या मात्रेचं गणित, ईसीजी वाचणं, संसर्ग नियंत्रण. हे सगळं सुट्टीच्या दिवशी घरी बसून उरकायचं आणि अनेकदा त्याचा एक डॉलरही मिळत नाही. तिकडे जायची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या नर्सनीही हे आधीच समजून घ्यायला हवं.

गैरसमज १ : लायसन्स आणि अनुभव असताना परीक्षा कशाला?

वस्तुस्थिती : लायसन्ससाठीची एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण होणं ही या व्यवसायात शिरण्याची किमान अट आहे. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाला फेडरल नियमांनुसार कंत्राटी नर्सच्या कामाचंही मूल्यमापन करावंच लागतं, आणि ते योग्यच आहे. ७० किलो वजनाच्या रुग्णाला रक्त पातळ करणारं हेपारिन ताशी किलोमागे १८ युनिट द्यायचंय, २५० मिलीच्या पिशवीत २५,००० युनिट आहेत, तर पंप ताशी १२.६ मिलीवर लावायचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की १२६ होतात आणि रक्तस्रावाने रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. तपासणी हवीच. तक्रार आहे ती तिच्या बिनपगारी तासांबद्दल.

गैरसमज २ : या परीक्षा 'जॉइंट कमिशन'नेच सक्तीच्या केल्यात.

वस्तुस्थिती : रुग्णालयांना मानांकन देणारी ही संस्था कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता तपासून तिची नोंद ठेवायला सांगते. ती कशी तपासायची, हे रुग्णालय ठरवतं. अमुक कंपनीचीच परीक्षा घ्या किंवा ती फुकट घ्या, असं कमिशन म्हणत नाही. नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीचा निकाल दुसरीला अनेकदा चालत नाही, म्हणून तोच ईसीजीचा पेपर पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

गैरसमज ३ : कायद्यानेच या वेळेचा पगार मिळत नाही.

वस्तुस्थिती : १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टखालच्या नियमानुसार प्रशिक्षणाचा वेळ बिनपगारी ठेवायचा तर चार अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : तो ड्यूटीच्या वेळेबाहेर असावा, ऐच्छिक असावा, कामाशी थेट संबंधित नसावा आणि त्या वेळात दुसरं काम करून घेतलेलं नसावं. नोकरीवर घेतलेल्या नर्सला दिलेलं सक्तीचं मॉड्यूल दुसऱ्या, म्हणजे ऐच्छिकतेच्या अटीवरच अडतं. पेच आहे तो नोकरी लागण्याआधीच्या परीक्षेचा. उमेदवार हा अजून कर्मचारी नसतो. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत ब्रेकमनचं काम शिकणाऱ्या उमेदवारांनाही या कायद्याखाली कर्मचारी मानलं नव्हतं. त्यामुळे परीक्षा कोणत्या तारखेला दिली, यावर बरंच अवलंबून असतं.

गैरसमज ४ : एवढा पगार मिळतो, मग आठ-दहा तासांचं काय?

वस्तुस्थिती : त्या आकड्यात घरभाडं आणि जेवणाचा भत्ताही धरलेला असतो. मूळ गावचं घर सांभाळून परगावी राहण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. ३६ तासांच्या आठवड्यात नऊ तास फुकट गेले, तर आठवड्याच्या कामाचा चौथा हिस्सा गेला.

गैरसमज ५ : परीक्षेत अडखळलेली नर्स कच्चीच.

वस्तुस्थिती : डोरोथी डेल ब्युनो यांनी विकसित केलेली 'पीबीडीएस' ही चाचणी ट्रॅव्हल नर्सना चांगलीच धास्तावत असे. रुग्णाचा व्हिडिओ पाहून काय बिघडलंय, काय कराल आणि का, हे लिहायचं. पण वॉर्डात नर्स रुग्णाला हात लावून पाहते, त्याला प्रश्न विचारते, सहकाऱ्याला हाक मारते. पडद्यासमोर यातलं काहीच करता येत नाही. एवढ्यावरून कंत्राट रद्द करणं अन्यायाचं आहे.

गैरसमज ६ : यावर काही इलाजच नाही.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियात जानेवारी २०२१ पासून, रुग्णालयाने सक्तीच्या केलेल्या प्रशिक्षणाचा खर्च कर्मचाऱ्यावर किंवा उमेदवारावर टाकता येत नाही. इतरत्रही सही करण्याआधी परीक्षा किती, किती तासांच्या आणि त्यांचा दर काय, हे लेखी विचारावं. लॉग-इनच्या वेळा टिपून ठेवाव्यात. थकलेल्या पगाराची तक्रार फेडरल कामगार खात्याच्या 'वेज अँड अवर डिव्हिजन'कडे करता येते. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षं आहे, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी तीन.

रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेली परीक्षा हा रुग्णालयाच्या कामाचाच भाग आहे. म्हणून तिचे तास पगारात धरावेत आणि एका ठिकाणचा ताजा निकाल दुसरीकडे ग्राह्य मानावा. या दोन्ही मागण्या साध्या आहेत आणि न्याय्यही.