घरचे ध्वनिमुद्रण : सूर कोठे अडतो?

पूर्वी ध्वनिमुद्रण म्हटले की शहरातला स्टुडिओ डोळ्यांपुढे येई. आता तसे राहिले नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन, एक वाजवायचा कीबोर्ड आणि माईकचा आवाज संगणकात नेणारी ‘ऑडिओ इंटरफेस’ नावाची लहानशी पेटी, एवढ्या सामग्रीवर शाळेच्या खोलीतसुद्धा मुलांची समूहगीते किंवा गावातल्या वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या चांगल्या मुद्रित करता येतात. पण पुष्कळदा होते काय, की सारी तयारी झाली, आजीबाई पदर सावरून माईकसमोर बसल्या, आणि संगणक हूं की चूं करीत नाही! मग तारा उपसून पाहाव्यात, पेटी बंद-चालू करावी, आणि शेवटी वस्तूच वाईट निघाली असे समजून नवी आणण्याचा बेत करावा. बहुधा वस्तू चांगलीच असते. भांडण असते संगणकाच्या पोटात. ते कसे ओळखावे आणि कसे मिटवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही, की संगणकात दोन निरनिराळ्या वाटांनी माल येतो. माईकच्या वाटेने येतो तो आवाज. कीबोर्डच्या वाटेने येते ती ‘मिडी’. ही पद्धत १९८३ साली ठरली आणि तिच्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. पण ध्यानात ठेवा, मिडीतून आवाज जात नाही; हुकूम जातो. ० ते १२७ पैकी कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, आणि हा हुकूम १६ पैकी कोणत्या चॅनेलवर आहे, एवढेच त्यात असते. स्वरलिपी लिहिलेला कागद जसा स्वतः गात नाही, तसेच हे. तो कागद वाचून आवाज काढणारा प्रोग्रॅम निराळाच असतो.

तेव्हा नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये. आधी मुद्रित केलेले एखादे गाणे त्याच प्रोग्रॅममध्ये वाजवून पाहा. ते वाजत नसेल, तर दोष आवाजाच्या वाटेवर आहे. ते वाजते, पण पट्टी दाबल्यावर काहीच ऐकू येत नाही, तर पडद्यावरची मिडीची खूण हलते का ते पाहा. हलत नसेल तर हुकूम पोहोचतच नाही. हलत असेल तर हुकूम पोहोचला आहे. तो वाचणारे वाद्य निवडलेले नाही, किंवा चॅनेल चुकला आहे.

आता आवाजाच्या वाटेकडे वळू. संगणक आणि पेटी यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा एक दुभाष्या असतो. विंडोज संगणकावर संगीताच्या कामासाठी बहुधा एएसआयओ जातीचा ड्रायव्हर वापरतात. तो १९९७ साली जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने काढला. असे बरेच ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमची चाकरी करतात. इंटरनेटचे एखादे पान किंवा सभेचा प्रोग्रॅम मागे उघडा राहिला, तर पेटी त्याच्या ताब्यात असू शकते. म्हणून बाकी सारे बंद करावे आणि मुद्रणाचा प्रोग्रॅम एकटाच उघडावा. ड्रायव्हर पेटीच्या कंपनीचाच निवडावा, आणि आवाज आत घेणे व बाहेर सोडणे ही दोन्ही कामे एकाच पेटीकडे द्यावीत. दोन उपकरणांची घड्याळे कधी तंतोतंत जुळत नाहीत. मग आवाजात टकटक सुरू होते.

दुसरी अडचण वेगाची. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. हा आकडा प्रोग्रॅममध्ये आणि विंडोजमध्ये एकच हवा. ४४,१०० ने घेतलेले गाणे ४८,००० ने वाजले, तर काळी एकमध्ये गाणारी मुलगी पांढरी दोनच्याही वर चढलेली ऐकू येते, आणि लयही पळते. बिचारीचा काहीच दोष नसतो!

मिडीच्या वाटेवरचे भांडणही असेच. विंडोजवरच्या बऱ्याच मिडी ड्रायव्हरांचे दार एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडते. दुसरा आला की त्याला नकार मिळतो. म्हणून क्रम सांभाळावा : आधी कीबोर्ड चालू करावा, मग प्रोग्रॅम. एकच पट्टी दाबून स्वर दोनदा उमटत असेल, तर कीबोर्ड स्वतः वाजतो आहे आणि संगणकही वाजवतो आहे असे समजावे. कीबोर्डमधला ‘लोकल कंट्रोल’ बंद करावा. स्वर अडकून वाजतच राहिला, तर पट्टी सोडल्याचा हुकूम वाटेत हरवला आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘पॅनिक’ नावाचे बटन असते. ते दाबले की सारे स्वर थांबतात.

पट्टी दाबली आणि स्वर मागाहून आला, तर मात्र ते भांडण नव्हे. संगणक नमुने साठवून मग पुढे ढकलतो. १,०२४ नमुने साठवले, तर ४८,००० च्या वेगाने सुमारे २१ मिलिसेकंद तिथेच जातात. म्हणजे तबलजी सात मीटर दूर बसून साथ करतो आहे असे समजा. वाजवताना हा आकडा १२८ किंवा २५६ ठेवावा. टकटक होऊ लागली तर थोडा वाढवावा.

शिक्षकमित्रांना शेवटी तीन गोष्टी सुचवितो. एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. नाहीतर कोणत्या औषधाने गुण आला ते कळणार नाही. सारी जुळणी आदल्या दिवशी तपासा, आणि तपासल्यावर मुद्रण होईपर्यंत संगणकात कोणतीही नवी सुधारणा घालू नका. आणि मुख्य मुद्रण चालू असताना शेजारी एक मोबाईलही मुद्रणासाठी लावून ठेवा. त्याचा आवाज तितका चांगला येणार नाही, पण हाताशी काही तरी राहील. ड्रायव्हर उद्याही दुरुस्त करता येईल. ऐंशी वर्षांच्या आजीला आज आठवलेली ओवी उद्या आठवेलच असे नाही.