बाटली, भाडे आणि परवाना

भाडे नाकारणे मुंबईकरांना नवे नाही. रिक्षावाला मान हलवून निघून जातो. मोटार वाहन कायद्यात त्याला दंड आहे, पण तक्रार करीत कोण बसतो? अमेरिकेतील मिनियापोलिस-सेंट पॉल विमानतळावर मात्र हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेथील सुमारे ९०० टॅक्सीचालकांपैकी तीन चतुर्थांश सोमाली, बहुतेक मुसलमान. ज्याच्या हातात दारूची बाटली दिसेल तो प्रवासी त्यांच्यापैकी अनेक जण गाडीत घेत नसत.

त्यांची अडचण आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दारू वाहून नेणाऱ्यावरही हदीसमध्ये लानत आली आहे, आणि २००६ मध्ये तेथील एका मुस्लिम संघटनेने त्याला अनुसरून फतवाही दिला. प्रवाशाच्या सामानाचा जाब चालकाला द्यावा लागत नाही, असे मानणारे मुसलमानही होते. नकार फुकटचा नव्हता. तासन्‌तास रांगेत थांबून मिळालेले भाडे सोडायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायचे, हा नियम होता.

दारू न नेणाऱ्या टॅक्सीवर वेगळ्या रंगाचा दिवा लावावा, अशी तडजोड विमानतळ आयोगाने सुचवली होती. लोकांचा रोष पाहून ती २००६ मध्येच बारगळली. आमच्या मते चालकांचेच भले झाले. तो दिवा पाहून लोकांनी त्यांच्या टॅक्सीकडे पाठच फिरवली असती. एप्रिल २००७ मध्ये आयोगाने नियम कडक केला : पहिल्या नकाराला परवाना ३० दिवस निलंबित, दुसऱ्याला दोन वर्षांसाठी रद्द. चालकांनी स्थगिती मागितली, पण २००८ मध्ये अपील न्यायालयानेही ती दिली नाही.

बाटलीवाल्या प्रवाशाला भेदभावविरोधी कायद्याचे खास संरक्षण नाही, हे खरे. पण अंध प्रवाशाच्या कुत्र्यालाही नकार मिळाल्याच्या तक्रारी होत्या, आणि तेथे अपंगांसाठीचा १९९० चा कायदा स्पष्ट आहे. धर्माचे कारण अमेरिकी न्यायालयांनी पूर्वीही ऐकले आहे. साऊथ कॅरोलायनातील पिगी पार्क या खानावळींचा मालक कृष्णवर्णीयांना आत बसवणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, असे सांगत असे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव पोकळ ठरवला. ज्या कायद्याने त्या मालकाला रोखले, त्याच कायद्याच्या बळावर आज हिजाब घातलेली स्त्री तेथील हॉटेलात निर्धास्त जेवते.

धंदेवाल्याला कोठे वाव मिळतो, ते बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीच्या खटल्यात दिसले. समलिंगी विवाहाच्या समर्थनाचा मजकूर केकवर लिहिण्यास ख्रिस्ती मालकांनी २०१४ मध्ये नकार दिला. खालची न्यायालये त्यांच्या विरुद्ध गेली, पण २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली : नकार मजकुराला होता, माणसाला नव्हे. छापखाना किंवा फलक रंगवण्याचा धंदा करणाऱ्याला हा फरक उपयोगी पडेल. टॅक्सीवाल्याला नाही, त्याच्या गाडीत मजकूर नव्हे, माणूस बसतो.