दोन दात्यांचा हिशेब

"आई, या वयात तू गाडीचे गिअर बदलून घेणार?" लेकीने फोनवर विचारलं.

"गिअर नाही गं, क्राउन-पिनियन," मी म्हटलं. पलीकडे शांतता!

तर झालं असं. लेक कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मी फक्त माझ्यासाठी एक जुनी गाडी घेतली. माझ्दा मियाटा, १९९५ सालची, १.८ लिटरची, दोनच सीटची. इथे कॅलिफोर्नियात माझं ऑफिस घरापासून ३५ मैलांवर, बहुतेक सगळा फ्रीवे. आणि महिन्यातून एका रविवारी ऑटोक्रॉस. रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट करतात, एकेकाने गाडी काढायची, वेळ मोजतात. आम्ही बायका तिघीच.

माझी तक्रार एकच. घट्ट वळण सुटलं की गाडी पटकन उचलत नाही. गॅरेजमध्ये गेले. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळत होती! "घालायचं तर ४.७७८ घाला, नाहीतर राहू द्या, यांना फरक कळायचा नाही." आमच्या ह्यांनीही मान डोलावली. मी म्हटलं, "चार दिवस द्या. मी हिशेब करते." जन्मभर अकाउंट्सच केलेत!

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून मागच्या डिफरन्शियलमध्ये येतो. तिथे १० दात्यांचं छोटं पिनियन ४१ दात्यांचं मोठं क्राउन फिरवतं. ४१ भागिले १०, म्हणजे ४.१. हा आकडा वाढला की गाडी 'शॉर्ट' झाली म्हणतात. ऐकायला उलटंच वाटतं. मला साताऱ्यातली भावाची सायकल आठवली. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं तेव्हा चढ सोपा झाला, पण सपाटीवर पाय नुसते भिरभिरायचे. इथेही तेच. इंजिनाची ताकद काही वाढत नाही. चाकाला जोर जास्त मिळतो, त्याची किंमत वेगात मोजायची.

किती मोजायची, ते किराणाच्या बिलामागे मांडलं. ऑटोक्रॉसमध्ये जवळजवळ सगळा वेळ सेकंड गिअर. माझ्या टायरच्या मापाने ७००० आरपीएमला ४.१ वर सेकंडमध्ये ताशी ६१ मैल मिळतात. ४.३ वर ५८. आणि ४.७७८ वर जेमतेम ५२! आमच्या वाटेवर एका सरळ पट्ट्यात मी ५७ पर्यंत जाते. म्हणजे ४.७७८ घातलं तर नेमकं तिथे थर्ड टाकायचा आणि पुढच्याच वळणावर परत सेकंड. वळणावर कमावलेलं तिथेच घालवायचं.

शिवाय रोजचा फ्रीवे. ६५ मैलांच्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन सध्या साधारण ३२०० आरपीएमवर फिरतं. ४.३ वर दीडशे जास्त, ते चालेल. ४.७७८ वर मात्र पाचशेच्या वर जास्त. रविवारच्या काही मिनिटांसाठी आठवडाभर ती घरघर ऐकायची?

मी ४.३ ठरवलं. १९९९ नंतरच्या पाच गिअरच्या मियाटांना इथे हेच असायचं, तोच डिफरन्शियल माझ्या गाडीला बसतो. भंगारातल्या गाडीचा सापडला. पिनियनचे दाते तेच १०, क्राउनचे ४३. फरक दोन दात्यांचा!

एक गोष्ट मात्र विसरले होते. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवर चालतो. त्यामुळे खरे ६० असताना काटा ६३ दाखवू लागला. त्याचं छोटं प्लास्टिकचं गिअर बदलल्यावर ताळ्यावर आला.

फरक पडला का? चाकाला जोर मिळतो पाच टक्के जास्त. चमत्कार नाही. पण वळण सुटल्यावर गाडी आता आढेवेढे घेत नाही, आणि तो सरळ पट्टा अजून सेकंडमध्येच निघतो, अगदी काठावर. मैत्रिणींनो, 'सगळ्यात जोरदार कोणतं' हे विचारण्याआधी 'आपण कुठे, किती वेगाने जातो' हे विचारावं, एवढं मी शिकले.

आमचे हे म्हणतात, "दोन दात्यांसाठी केवढा उपद्व्याप!" असेना का. ते दोन मी स्वतः मोजून घेतलेत.